घरशोधणी सेवेचा अनुभव: घरे सहा दाखवली, रस्ता एकदाही नाही

शहराबाहेरच्या कारखान्यातली नोकरी स्वीकारली तेव्हा नियुक्तिपत्राबरोबर आणखी एक कागद हाती आला. राहण्याची जागा शोधून देण्यासाठी कंपनीने एका स्थलांतर-साहाय्य संस्थेची सेवा आमच्यासाठी घेतली होती आणि तिचा खर्चही कंपनीच करणार होती. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे जे दोष सांगणार आहे ते या एकाच संस्थेचे असावेत असे मला वाटत नाही. अशाच दुसऱ्या संस्थांमार्फत घर घेतलेल्या दोन सहकाऱ्यांची तक्रारही जवळपास हीच होती. फोनवरची एक मुलाखत, एक लांबलचक प्रश्नावली, सल्लागाराबरोबर दोन दिवस घरे पाहणे, भाडेकराराची तपासणी, सामान हलवणाऱ्यांशी बोलणी, १४ दिवसांची तात्पुरती निवासव्यवस्था आणि घरात गेल्यावर महिनाभर मदत, असे या सेवेचे स्वरूप आहे.

आमच्यापुढचा पेच असा होता. कारखाना शहरापासून ३८ किलोमीटरवर आहे आणि माझी पाळी सकाळी ७ वाजता सुरू होते. नवऱ्याचे कार्यालय शहरात आहे आणि मुलगी सातवीत. म्हणजे एकतर शहरातच राहून मी रोज बाहेर जायचे, किंवा कारखान्याला लागून असलेल्या कंपनीच्या वसाहतीत राहून नवऱ्याने रोज शहर गाठायचे, नाहीतर मधल्या एका लहान गावात, जिथे रेल्वेचे स्टेशन आहे, तिथे घर घेऊन दोघांनी प्रवास वाटून घ्यायचा.

आधी चांगले सांगते, कारण ते खरोखरच चांगले आहे. करार तपासणाऱ्या त्यांच्या वकीलबाईंनी आमचे मोठे नुकसान टाळले. घरमालकाने पाठवलेल्या मसुद्यात मुदतीआधी घर सोडल्यास उरलेल्या सगळ्या महिन्यांचे भाडे भरावे लागेल, असे एक कलम आठव्या पानावर होते. नव्या नोकरीत पहिले सहा महिने परिवीक्षेचे असताना असे कलम मान्य करणे म्हणजे आपल्या हाताने पायात बेडी घालून घेणे होते. वकीलबाईंनी ते काढून त्या जागी बदलीचे कलम घातले: नोकरी संपली किंवा दुसरीकडे बदली झाली, तर त्याचे पत्र दाखवून दोन महिन्यांच्या सूचनेवर घर सोडता येईल. शिवाय किल्ली हातात घेण्यापूर्वी त्यांनी घराच्या स्थितीची नोंद करून घेतली, तीही नुसते ‘सर्व ठीक’ असे लिहून नव्हे. ओट्याच्या कडेला गेलेला तडा, न्हाणीघराच्या दाराचा फुगलेला खालचा भाग, खिडकीची न बसणारी कडी यांचे तारीखवार फोटो काढून त्यांवर दोन्ही पक्षांच्या सह्या घेतल्या. अनामत रक्कम परत घेताना जे वाद होतात ते बहुतेक याच गोष्टींवरून होतात, हे भाड्याच्या घरात राहिलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. सेवेचा हा एवढाच भाग स्वतंत्रपणे विकत मिळत असता, तर मी तो स्वतःच्या खिशातून घेतला असता.

मूळ प्रश्न मात्र घर कुठे घ्यायचे हा होता आणि तिथेच सेवा अपुरी पडली. प्रश्नावलीत एकूण ४३ प्रश्न होते. खोल्या किती हव्यात, सज्जा हवा का, गाडी कुठे उभी करणार, पाळीव प्राणी आहे का, वरचा मजला चालेल का, सगळे विचारले होते. घरातून किती वाजता निघावे लागते, हे कुठेही विचारलेले नव्हते. ‘कामाच्या ठिकाणापासून किती अंतर चालेल?’ असा एक प्रश्न होता आणि त्याची उत्तरे किलोमीटरमध्ये होती. दुसरी उणीव त्याहून मोठी होती. ‘कामाचे ठिकाण’ लिहायला एकच रकाना होता. घरात नोकरी करणारे माणूस एकच असते आणि बाकीची मंडळी त्याच्या मागोमाग येतात, असे गृहीत धरून ती प्रश्नावली बनवलेली होती. नवऱ्याच्या कार्यालयाचा पत्ता मी ‘इतर माहिती’ या रकान्यात लिहिला, आणि तो कोणी वाचला नाही हे पुढे दोन दिवसांतच कळले.

घरे दाखवण्याचा कार्यक्रम शनिवारी आणि रविवारी, सकाळी १० ते दुपारी ४ असा होता. सल्लागार वेळेचे पक्के, बोलायला मनमोकळे आणि घरांची चांगली जाण असलेले होते; भिंतीतली ओल ते रंगाच्या पापुद्र्यावरून ओळखत. मधल्या गावात त्यांनी आम्हाला नव्या इमारतींमधली सहा घरे दाखवली आणि तिथून कारखान्यापर्यंत गाडीने नेऊन आणले. २६ मिनिटे लागली. माणूस जाण्यायेण्यात दिवसाचा साधारण तासभर सहज घालवतो, तुमची तर ५२ मिनिटेच होतात, असे ते म्हणाले. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलेले हे निरीक्षण आहे: वाहने वेगवान होत गेली तसा माणसाने वाचलेला वेळ खिशात टाकला नाही, तो आणखी दूर राहायला गेला, आणि रोजचा प्रवास सरासरी तासाभराच्या आसपासच राहिला. पण ही सरासरी समाजाची आहे. एका घरातल्या दोन माणसांना एकाच रस्त्यावर काय सोसावे लागेल, हे तिच्यावरून ठरवता येत नाही.

त्या रस्त्यावर रेल्वेचे फाटक आहे. शनिवारी साडेअकराला ते उघडे होते आणि आम्ही गाडीचा वेग थोडा कमी करून रूळ ओलांडले. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पुढच्या मंगळवारी मी एकटीच गेले, माझ्या खऱ्या वेळेला. ६ वाजून १८ मिनिटांनी फाटक पडले. आधी एक प्रवासी गाडी गेली, मग फाटक उघडेल असे वाटत असतानाच सिग्नलला थांबलेली लांबलचक मालगाडी हलली. माझ्या पुढच्या ट्रकचा चालक खाली उतरला, त्याने बाटलीतले पाणी घेऊन समोरची काच निवांतपणे धुतली, पुसली, फडके पिळून आरशाला अडकवले आणि बरोबर फाटक वर जायच्या वेळी तो जागेवर जाऊन बसला. त्याच्या त्या सवयीच्या हालचाली पाहून मला जे कळले ते नकाशावर कुठेही लिहिलेले नव्हते. आम्ही १४ मिनिटे उभे होतो.

त्यानंतर कामाचे दहा दिवस मी वेळा लिहून ठेवल्या. सर्वांत कमी २७ मिनिटे लागली आणि सर्वांत जास्त ५८. अशा वेळी सरासरी काढून काही उपयोग नसतो. पाळीवर वेळेत पोहोचायचे असेल तर घरातून निघण्याची वेळ सर्वांत वाईट दिवसावरून ठरवावी लागते, म्हणजे फाटक उघडे असण्याच्या दिवशीही तासभर आधीच निघायचे आणि वाचलेली अर्ध्या तासाची झोप कारखान्याच्या दारात गाडीत बसून काढायची. किलोमीटर कितीही असोत, आपण भाड्याने घेतो तो हा वेळ.

सल्लागारांच्या अहवालात तिन्ही पर्यायांचा एक तक्ता होता. घरभाडे, सोसायटीचा देखभाल खर्च, इंधन, आणि शेवटी बेरीज. बेरजेत मधल्या गावातले नवे घर स्वस्त ठरत होते. प्रवासाचा हिशेब केवळ इंधनात करायचा, ही या तक्त्याची खोड आहे. अर्थशास्त्रात असे गृहीत धरतात की लांबचा प्रवास स्वीकारणाऱ्याला त्याची भरपाई स्वस्त घरातून किंवा जास्त पगारातून मिळत असते. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर यांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या दरवर्षीच्या पाहणीची आकडेवारी घेऊन हे तपासले आणि २००८ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या निबंधात निष्कर्ष उलटा निघाला: ज्यांचा प्रवास लांबचा, ते आयुष्याबद्दल कमी समाधानी. भरपाई पुरेशी होत नाही. मला यात नवल वाटत नाही, कारण मोठे घर पहिले काही आठवडेच मोठे वाटते, आणि फाटक मात्र दररोज नव्याने पडते.

वसाहतीचा पर्याय कागदावर सर्वांत सोयीचा होता. कारखाना चालत सहा मिनिटांवर, भाडे नाममात्र. नवऱ्याला मात्र एका बाजूने पावणेदोन तास लागले असते, आणि ते अहवालात कुठेच नव्हते. तिथे एक रात्र राहिल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. सुरक्षा विभागाकडून ध्वनिमापक मागून घेतला होता. रात्री ११ नंतर झोपायच्या खोलीच्या खिडकीबाहेर तो ५७ डेसिबलच्या आसपास रेंगाळत होता. कूलिंग टॉवरचे पंखे रात्रीही चालू असतात. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ मध्ये दिलेल्या सूचनांत रस्त्यावरील वाहतुकीचा रात्रीचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या आत असावा असे म्हटले आहे. पंखे म्हणजे वाहतूक नव्हे, पण कानाला त्याचे काय. शिवाय नोकरीला बांधलेले घर नोकरीबरोबरच जाते, म्हणजे एका संकटाची दोन संकटे होतात.

या सगळ्या शोधाला वेळ मिळाला तो त्या १४ दिवसांच्या तात्पुरत्या निवासामुळे, आणि सेवेतली दुसरी खरी मोलाची गोष्ट हीच आहे. ती त्यांच्या माहितीपत्रकात अगदी शेवटी, बारीक अक्षरांत आहे. त्यांनी नेहमीप्रमाणे शहरातले हॉटेल दिले होते. मला मधल्या गावात खोली हवी होती, आणि त्यासाठी दोन पत्रे लिहावी लागली. ‘तिथे आमची ठरलेली जागा नाही’ असे पहिले उत्तर आले. शेवटी त्यांनी एका घराच्या वरच्या मजल्यावरची खोली मिळवून दिली, ती साधी पण स्वच्छ होती. नोकरीचे पहिले दोन आठवडे मी तिथूनच गेले. सकाळची बस, संध्याकाळचा अंधार, औषधाचे दुकान किती वाजता बंद होते, स्टेशनचा पादचारी पूल पावसात किती निसरडा होतो, हे दोन दिवसांच्या फेरीत कळण्यासारखे नव्हते.

मग उत्तर आपोआप समोर आले. सल्लागारांनी दाखवलेली सहाही घरे फाटकाच्या शहराकडच्या बाजूला होती, कारण नवे बांधकाम तिकडे आहे. कारखान्याच्या बाजूला जुनी वस्ती आहे, तिथे लिफ्ट नाही, रंग उडालेले आहेत, म्हणून ती त्यांच्या यादीतच नव्हती. आम्ही तिथे दुसऱ्या मजल्यावरचे घर घेतले. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते आणि १९ मिनिटांत कारखान्यात पोहोचते, रूळ न ओलांडता. नवरा पादचारी पुलावरून नऊ मिनिटांत स्टेशनवर जातो आणि पुढे रेल्वेने ४१ मिनिटांत शहरात. मुलगी त्याच पुलावरून शाळेत चालत जाते. एक खोली कमी मिळाली आणि कपाटे जिन्यातून चढवताना हमालांनी जे बोलून दाखवले ते येथे लिहिण्यासारखे नाही. हे घर आमचे आम्ही शोधले, पण घरमालकाशी बोलणी संस्थेने केली आणि ती उत्तम केली, हेही नोंदवायला हवे.

पाण्याची तपासणी सेवेत नाही. विहिरीचे पाणी मी प्रयोगशाळेत तपासले. कठीणपणा लिटरला ३१० मिलिग्रॅम निघाला, आणि १८० च्या वर गेले की पाणी फार कठीण धरतात. गीझर क्षारांनी भरणार हे उघड होते, म्हणून त्याच्या सफाईचा खर्च घरमालकाकडे राहील असे करारात घालून घेतले. फोनची रेंजही प्रत्येक खोलीत आपणच पाहावी लागली.

घरात गेल्यानंतरची महिनाभराची मदत नावापुरती होती. तीनदा फोन केला, तीनदा वेगळी व्यक्ती बोलली आणि तिघांनीही प्रकरण क्रमांक विचारून सगळी कथा पुन्हा सांगायला लावली. खिडकीची कडी शेवटी नवऱ्यानेच बसवली.

कंपनी ही सेवा देत असेल तर घ्यावी. मात्र पहिल्याच फोनवर घरातल्या प्रत्येकाच्या जाण्यायेण्याच्या जागा आणि वेळा सांगाव्यात, घरे पाहण्याचा एक तरी दिवस कामाचा मागावा आणि तात्पुरता निवास राहायचा विचार असलेल्या गावातच द्यावा असा आग्रह धरावा. एकट्या माणसाला, ज्याची पाळी दुपारची आहे, त्याला कदाचित यातले काहीच जाणवणार नाही आणि त्यांचा तक्ताही त्याला पुरेल. स्वतःच्या पैशाने घ्यायची असल्यास मी फक्त करार तपासणी घेईन.

महिना संपल्यावर अभिप्रायाचा अर्ज आला. करार तपासणीला मी पाचपैकी पाच तारे दिले, तात्पुरत्या निवासाला चार, जागेच्या निवडीला दोन. ‘सुचवलेल्या घरांपैकी कोणते घेतले?’ या प्रश्नाखाली सहा पर्याय होते आणि त्यांतला एकही आमचा नव्हता. तो रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे जात नव्हता, म्हणून तो अजून माझ्याकडेच पडून आहे.