दत्तकाच्या कागदपत्रांसाठी शिवाजीनगरचं डॉक्युमेंट सेंटर : साडेतीन स्टार, आणि पॅकेज घेऊ नका

साडेतीन स्टार. त्यातला अर्धा फक्त ट्रान्सलेशनवाल्या बाईंचा, नाहीतर तीनच दिले असते.

दुकानाचं नाव टाकत नाहीये, जाहिरातही नको आणि भांडणही नको. शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास अशी सेंटरं ढीगभर आहेत, खाली झेरॉक्स, वर एका बोर्डावर नोटरी, गॅझेट, पासपोर्ट, पॅनकार्ड, अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का), भाडेकरार सगळं एका दमात लिहिलेलं, त्यातलंच हे एक. माझं काम जरा वेगळं होतं म्हणून लिहितोय. ताई आणि जिजू न्यू जर्सीत असतात, जिजू अमेरिकन सिटिझन आणि ओसीआय (मूळचे भारतीय, आता परदेशी नागरिक), ताईकडे अजून भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड, आणि दोघांना भारतातूनच मुलगी दत्तक घ्यायची होती, म्हणजे कायद्याच्या हिशोबात इंटरकंट्री अ‍ॅडॉप्शन. दोघांचे जुने कागद सगळे इकडे, त्यामुळे पळापळीला मी.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण मी बाकावर बसलेलो असताना एक जोडपं आत येऊन काउंटरवर हेच विचारत होतं की "तुमच्याकडून लवकर होतं का, थोडे जास्त द्यायची तयारी आहे". मालक काकांनी मान वर न करता सांगितलं, "आम्ही कागद करतो, मूल मिळवून देत नाही, आणि जो देतो म्हणेल त्याच्या दारात उभं राहू नका." एक अख्खा स्टार याचा. कारण सगळं कारा या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पोर्टलवरून चालतं, परदेशात राहणाऱ्यांनी तिथल्या मान्यताप्राप्त एजन्सीमार्फत नाव नोंदवायचं, आणि पुण्यात बसून तो नंबर कोणीही पुढे सरकवू शकत नाही. प्रोसिजर सोडून दत्तक दिलं-घेतलं तर बालन्याय कायद्याच्या कलम 80 खाली 3 वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा 1 लाख दंड किंवा दोन्ही, आणि मुलाच्या खरेदी-विक्रीला कलम 81 खाली 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तेव्हा "ओळख आहे" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

आता काय चांगलं केलं ते. आपल्याकडच्या माणसाचं नाव हे परदेशी फाईलमध्ये सगळ्यात मोठं दुखणं आहे, हे मला तिथे कळलं. ताईचं लग्नात नाव बदललेलं, हौसेनी, तांदळात अंगठीनं लिहून वगैरे, दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव आणि बाबांचं मधलं नाव, पासपोर्टवर माहेरचंच पहिलं नाव पण सासरचं आडनाव, लग्नाच्या दाखल्यावर भलतंच, आणि जिजूंच्या आडनावाचं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हांचं. मी दोन अ‍ॅफिडेव्हिटं करायची म्हणून गेलो होतो. काकांनी एक कोरा कागद घेतला, रेघा मारल्या, प्रत्येक कागदावरचं नाव जसंच्या तसं उतरवून काढलं, कुठे काय जुळत नाही त्यावर लाल पेनानं गोल केले आणि म्हणाले, "एवढ्या सगळ्याला एकच वन अँड सेम करू, म्हणजे ही वेगवेगळी नावं एकाच माणसाची असं, सगळी नावं एकाच कागदात. दोन केलीत तर तिसरं मागतील." हा हिशोबाचा कागद त्यांनी मला फुकट दिला, ताईनी तो तसाच एजन्सीला स्कॅन करून पाठवला आणि तिकडच्या सोशल वर्करला तो इतका आवडला की तिनं फाईलमध्येच लावून टाकला. बाँडचा खर्च मात्र धरून चाला, शंभरचा जमाना गेला, ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात पाचशेचा लागतो. कोर्टात द्यायच्या अ‍ॅफिडेव्हिटला स्टॅम्प माफ असतो, पण हे कोर्टात जाणार नव्हतं.

जिजूंच्या जन्मदाखल्याचं पण तसंच. जन्म सातारा जिल्ह्यातल्या गावातला, ग्रामपंचायतीचा दाखला, त्यात आईबापाचं नाव आहे, तारीख आहे, आणि बाळाच्या नावाची जागा कोरी! त्या काळी नोंद बारशाच्या आधी व्हायची आणि नंतर परत कोण जातंय. मला वाटलं हेही अ‍ॅफिडेव्हिटवर निभेल. काका म्हणाले निभणार नाही, आत्ता खपेल पण पुढे कोणीतरी अडवेल, शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गावी जा आणि मूळ रजिस्टरला नाव लावून घ्या. (जन्मनोंदीत नाव नंतर घालता येतं, नियमात 15 वर्षांची मर्यादा आहे पण जुन्या नोंदींसाठी मुदतवाढी निघत असतात, जायच्या आधी विचारून घ्या.) यात दुकानाला एक रुपया मिळणार नव्हता, उलट एक अ‍ॅफिडेव्हिट बुडालं. असा सल्ला पैसे देऊन मिळत नाही. जिजूंचे वडील स्वतः गावी जाऊन बसले आणि नाव लावून आणलं.

इथवर पाच स्टार. मग काकांचा मुलगा आला आणि पॅकेज आलं.

मुलाकडे एक लॅमिनेट केलेलं कार्ड आहे, स्टुडंट व्हिसा पॅकेज, जॉब व्हिसा पॅकेज, आणि शेवटी "अ‍ॅडॉप्शन कम्प्लीट". त्यात सगळ्याचं नोटरी, सगळ्याचं अपॉस्टिल, पासपोर्ट असिस्टन्स, कुरियर. रक्कम पाच आकडी. बोलायला गोड आहे, आणि ताईनी तिकडून फोनवर सांगितलं की होऊन जाऊ दे एकदाचं, डोकं शांत. तर सांगतो काय झालं.

लग्नाच्या दाखल्याचं अपॉस्टिल कोणी मागितलंच नव्हतं. अमेरिकेच्या इमिग्रेशनला असल्या कागदाची कॉपी चालते, मराठीत असेल तर सोबत इंग्लिश भाषांतर आणि भाषांतरकाराचं सर्टिफिकेशन, बास. एजन्सीच्या लिस्टमध्येही ते नव्हतं, पण पॅकेजमध्ये होतं म्हणून ओरिजिनल गेलं मुंबईला मंत्रालयात गृह विभागाच्या शिक्क्यासाठी आणि तिथून पुढे परराष्ट्र मंत्रालयाच्या अपॉस्टिलला. आणि नेमकं त्याच वेळी तिकडे होम स्टडीसाठी (सोशल वर्कर पालकांची आणि घराची पाहणी करून अहवाल देते, त्यासाठी) ओरिजिनल बघायला मागितलं. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे सर". कुठल्या टेबलावर आहे? "प्रोसेसमध्ये." बरं, अपॉस्टिलची सरकारी फी एका कागदाला 50 रुपये आहे, वर मंत्रालयानं नेमलेल्या एजन्सीचा सर्व्हिस चार्ज, बाकी तुम्ही जे देता ते सगळं धावपळीचं भाडं. धावपळ खरी असेल तर देणारच माणूस, पण नको असलेली धावपळ करून त्याचं बिल लावायचं हे काही पटलं नाही. पैसे परत मागितले तर अर्धे "अ‍ॅडजस्ट" करतो म्हणाले. भाडेकराराला वापरा म्हणे. माझं स्वतःचं घर आहे हो.

पासपोर्ट असिस्टन्सचा तर विनोदच आहे. इंटरकंट्रीमध्ये मुलाच्या पासपोर्टचा अर्ज आणि आईबापाच्या नावाचा जन्मदाखला हे काम मूल ज्या संस्थेत आहे ती दत्तक संस्था करते, नियमात तसंच आहे. म्हणजे मुंढव्याला किंवा बाणेरला जाऊन रांगेत उभं राहण्यासाठी ज्या माणसाचे पैसे घेतले त्या माणसाला काही कामच नव्हतं.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. या लोकांना तारखा कळत नाहीत. स्टुडंटचं काम करून करून डोक्यात एकच, सगळं लवकर काढा, सगळं एकदम काढा. दत्तकाच्या फाईलमध्ये लवकर काढलेला कागद हा बरेचदा वाया गेलेला कागद असतो. अमेरिकेत आधी दत्तक पालक म्हणून मंजुरीसाठी आय-आठशे-ए नावाचा फॉर्म भरायचा, त्याला जोडायची होम स्टडी देताना 6 महिन्यांपेक्षा जुनी नको, मंजुरी मिळाली की ती 15 महिने चालते, ती संपायच्या आत वाढवून घ्यायची, परत बोटांचे ठसे. इकडे काराकडे होम स्टडी 3 वर्षं चालते. म्हणजे दोन घड्याळं वेगवेगळ्या वेगानं चाललीयेत आणि मधे ताईचा मेडिकल रिपोर्ट, पोलिसांचा दाखला, पगाराचं पत्र हे आपापल्या मुदतीत शिळे होत असतात, फ्रीजमधल्या भाजीसारखे. कुठला आधी, कुठला रेफरल (म्हणजे अमुक मूल तुमच्यासाठी असं सुचवणं) जवळ आल्यावर, कुठला अगदी शेवटी, हे सांगणारा माणूस पाहिजे, आणि तो दुकानात नाही, तो एजन्सीत आहे. त्यामुळे एजन्सीची लिस्ट प्रिंट करून खिशात ठेवा, दुकानात सुटं काम सांगा, प्रत्येक ओळीला किती ते विचारा, आणि लॅमिनेटेड कार्डाकडे बघूच नका.

मधल्या वाट बघण्याचा रिव्ह्यू कोण लिहिणार. कायदा असा आहे की मूल दत्तकासाठी कायदेशीर मोकळं झाल्यापासून 60 दिवसांत देशातल्या किंवा एनआरआय पालकांकडे नाही गेलं तरच परदेशासाठी मोकळं होतं, त्यातही एनआरआय-ओसीआयना आधी. लहान आणि तब्येतीनं ठणठणीत बाळासाठी देशातलेच लोक वर्षानुवर्षं थांबलेत. पाच वर्षांच्या पुढची मुलं, भावंडं, अपंगत्व असलेली मुलं यांना परदेशातल्या दत्तकासाठी प्राधान्य देता येतं, आणि ताई-जिजूंनी पहिल्यापासून मोठी मुलगीच मागितली होती. आई मात्र रोज "काही आलं का" विचारायची आणि ताई रोज "नाही गं" म्हणायची, शेवटी मी दोघींना सांगितलं की हा विषय फक्त रविवारी.

आणि नातेवाईक! एका काकांनी लग्नात जेवताना सुनावलं की आपल्या मुली परक्या देशात कशाला पाठवायच्या. हे मी दुकानात सांगितलं तर म्हातारे काका एकदम खुलले, "अहो ती लिसा स्थळेकर, आपल्या ससूनच्या श्रीवत्स अनाथाश्रमातून दत्तक गेलेली, 1979 चा जन्म. ऑस्ट्रेलियाकडून खेळली. वन-डेत हजार रन आणि शंभर विकेट घेणारी पहिली बाई. सांगा त्यांना." माणूस क्रिकेटचा दर्दी निघाला, नोटरी सोडून अर्धा तास तेच. मागे रांग होती. रांगेतल्यांनी पण भाग घेतला.

रेफरल आल्यावर वाटतं झालं सगळं. कसलं झालं. मुलगी मान्य करायची, मग अमेरिकेची तात्पुरती मंजुरी, मग त्यांचं पत्र काराला, मग काराची एनओसी, मग जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. आधी कोर्टात व्हायचं, 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. मुलीला काय वाटतं तेही विचारात घ्यायला लागतं, ते कायद्यातच लिहिलंय. अर्ज 2 महिन्यांत निकाली काढायचा असंही कायद्यातच लिहिलंय. त्या जिल्ह्यात किती लागले ते इथे लिहीत नाही. आदेशानंतर काराचं कॉन्फर्मिटी सर्टिफिकेट (दत्तक नियमाप्रमाणे झालं याचा दाखला), मग पासपोर्ट, मग व्हिसा.

आणि इथे त्या बाई. आदेश मराठीत, सोबतचे काही कागद हातानं लिहिलेले, मेडिकलचा एक कागद तर असा की मुंगी शाईत बुडवून सोडलीये. दुकानाच्या मागच्या खोलीत रिटायर्ड बाई बसतात, साठीच्या पुढच्या, कोर्टातले कागद भाषांतर करण्यात आयुष्य गेलेलं. मुलानं नेहमीसारखं गोल शिक्का मारून दिलं असतं. बाईंनी विचारलं कुठल्या ऑफिसला द्यायचंय, आणि अमेरिकेसाठी म्हटल्यावर खाली स्वतःहून लिहिलं की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात, सही, तारीख, पत्ता. तेच लागतं, नोटरी लागत नाही. मूळ कागदात मुलीच्या जन्मतारखेत एके ठिकाणी महिना चुकलेला, तो त्यांनी दुरुस्त केला नाही, आहे तसा उतरवला आणि मला फोन केला की "भाषांतरात मी हात लावणार नाही, मूळ ऑफिसातून शुद्धिपत्रक आणा, नाहीतर व्हिसाला प्रश्न येईल". संस्थेनं ते करून घेतलं. पैसे घेतले पानाप्रमाणे, पॅकेजच्या तुलनेत काहीच नाही. दुकानानं या बाईंचं नाव बोर्डावर लावावं आणि ते लॅमिनेटेड कार्ड खाली ठेवावं.

भाची आता तिकडे शाळेत जाते. आईबाप आधीच भारतात येऊन दत्तक पूर्ण करून गेले म्हणून तिला आयएच-3 व्हिसा मिळाला, त्यात अमेरिकेत पाय ठेवला की सिटिझनशिप आपोआप, सर्टिफिकेट घरी येतं. पण ताईच्या फाईली बंद नाहीत, 2 वर्षं फॉलोअप रिपोर्ट जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. त्याला दुकानाची गरज नाही, तिकडची एजन्सीच करते, मुलगा विचारेल "फॉलोअप पॅकेज" म्हणून, नाही म्हणा.

जाणाऱ्यांसाठी : गाडी नेऊ नका, पार्किंग नाही, जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) मेट्रोला उतरून चालत जा. जीपे चालतं पण नोटरीचे पैसे रोख मागतात, पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा. ओरिजिनल हातात द्यायच्या आधी कशासाठी आणि कुठे जाणार ते लिहून घ्या. दुपारी जेवायच्या वेळेत गेलात तर फक्त मुलगा भेटतो, काका साडेचारनंतर, आणि बाई सकाळी असतात, शनिवारी नसतात.