इमेज बिल्ड करताना होस्टचं फोल्डर माउंट करणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधून ‘इमेज’ बनवायची आणि ती ‘कंटेनर’ म्हणून चालवायची, हे काम डॉकर आणि पॉडमॅन ही टूल्स करतात. डॉकरची सवय असलेल्या माणसाला पॉडमॅनमध्ये एक गोष्ट लगेच भावते. ‘पॉडमॅन बिल्ड’ला थेट ‘-व्ही’ देता येतो, म्हणजे होस्टचं (ज्या मशीनवर बिल्ड चालतं त्याचं) फोल्डर बिल्डला जोडता, माउंट करता येतं. डॉकरमध्ये हा पर्याय कंटेनर चालवताना मिळतो, बिल्ड करताना नाही. त्यामागे विचार आहे: डॉकरफाइल (इमेज कशी बनवायची त्या सूचनांची फाइल) कुठल्याही मशीनवर नेली तरी बिल्ड तसंच झालं पाहिजे, आणि होस्टवरचं फोल्डर प्रत्येक मशीनवर वेगळं. मला हा हट्ट वाटायचा. आता निम्मा पटलाय.

आमचं बिल्ड इंटरनेट नसलेल्या सर्व्हरवर होतं. पायथॉनच्या सगळ्या व्हील फाइल्स (लायब्ररींची तयार पॅकेजं) एका फोल्डरमध्ये असतात आणि त्या इन्स्टॉल करणारा पिप तिथूनच उचलतो. त्या कॉपी करायच्या, इन्स्टॉल करायच्या आणि पुढच्या ओळीत डिलीट करायच्या, याला काही अर्थ नाही. इमेज एकावर एक थरांची, म्हणजे लेअरची बनते आणि कॉपीचा लेअर तोवर बसलेला असतो. वरच्या लेअरमध्ये फाइल नुसती झाकली जाते, इमेज तेवढीच जाडजूड राहते. ‘-व्ही’ने फोल्डर लावलं की व्हील फाइल्स इमेजमध्ये येतच नाहीत. फक्त हे फोल्डर डॉकरफाइलमधल्या, कमांड चालवणाऱ्या ‘रन’ ओळींनाच दिसतं, ‘कॉपी’ला नाही.

इथवर झकास. खरी गोम लेअर कॅशमध्ये, म्हणजे आधी बनलेले लेअर पुन्हा वापरण्यात आहे. फोल्डरमध्ये नवी व्हील टाका, डॉकरफाइल तशीच ठेवा आणि बिल्ड करा: पॉडमॅन निवांत ‘युझिंग कॅश’ म्हणतो आणि जुनी लायब्ररी असलेली इमेज हातात देतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. कॅश जुळवताना सूचना बघितल्या जातात, त्या फोल्डरच्या आत काय बदललं हे नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये लिहायची आणि ती फाइल मात्र कॉपी करायची. ती बदलली की खालचं सगळं नव्याने चालतं. ‘--नो-कॅश’नेही काम होतं, पण मग दर वेळी चहा घेऊन या.

फेडोरा किंवा रेड हॅटच्या मशीनवर एसईलिनक्सशी, म्हणजे फायलींवरच्या लेबलवरून प्रवेश ठरवणाऱ्या सुरक्षा यंत्रणेशी गाठ पडते. ‘एलएस’मध्ये परवानग्या व्यवस्थित आणि बिल्डमध्ये ‘परमिशन डिनाइड’. मार्गाच्या शेवटी कोलन देऊन मोठा झेड लावला की लेबल बदलतं आणि काम चालतं. पण ते लेबल होस्टवरच्या खऱ्या फायलींवर बसतं आणि त्या एकाच कंटेनरपुरत्या राहतात. त्याच फोल्डरवर दोन बिल्ड एकदम चालवली तर दुसरं पहिल्याची वाट अडवतं. तिथे सामायिक लेबल लावणारा छोटा झेड हवा. होम फोल्डरवर किंवा ‘/यूएसआर’वर यातलं काहीही लावू नये, होस्टच लंगडा होईल.

रूटलेसमध्ये, म्हणजे रूटच्या (अ‍ॅडमिनच्या) हक्कांशिवाय पॉडमॅन चालवताना, मालकीचा घोळ आहे. कंटेनरमधला रूट म्हणजे होस्टवर तुम्हीच, त्यामुळे त्याने लिहिलेलं तुमच्या नावावर येतं. पण कंटेनरमधल्या १००० नंबरच्या युजरने माउंटमध्ये फाइल लिहिली, तर होस्टवर तिचा मालक १००९९९ असा काहीतरी दिसतो आणि साध्या ‘आरएम’ला ती दाद देत नाही. मग ‘पॉडमॅन अनशेअर’मध्ये शिरून साफ करायचं.

या सगळ्यात माझा लाडका पर्याय म्हणजे कोलननंतरचा मोठा ओ. फोल्डर ओव्हरले म्हणून लागतं: आत कितीही लिहा, ‘रन’ संपला की ते लिखाण फेकलं जातं, होस्टवरच्या मूळ फायलींना धक्का नाही. होस्टची डीएनएफ (फेडोराचा पॅकेज मॅनेजर) कॅश बिल्डला वाचायला द्यायची तर याहून बरं काही नाही. लेबल मात्र हा बदलत नाही.

डॉकरवाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही. बिल्डकिट या डॉकरच्या बिल्ड यंत्रणेमध्ये ‘रन’ ओळीतच ‘--माउंट’ लिहिता येतो, आणि डॉकर इंजिन २३.० पासून, म्हणजे २०२३ पासून, लिनक्सवर बिल्डकिट आपोआप चालू असतं. या माउंटच्या बाइंड प्रकारात फोल्डर बिल्ड कॉन्टेक्स्टमधून (बिल्डला दिलेल्या फोल्डरमधून) येतं. बाहेरचं हवं असेल तर ‘--बिल्ड-कॉन्टेक्स्ट’ने नाव देऊन आणायचं. आतली फाइल बदलली की लेअर पुन्हा बनतो, म्हणून व्हील फाइल्ससाठी मी हेच सुचवेन. माउंट मुळात फक्त वाचण्यापुरता असतो. त्यामुळे सोर्सच्याच फोल्डरमध्ये काहीतरी लिहू बघणारी टूल्स अडतात. ‘आरडब्ल्यू’ (वाचा-लिहा) दिला की चालतात, लिहिलेलं टिकत नाही. पासवर्ड, टोकन यांना सीक्रेट हा वेगळा प्रकार आहे, तोच वापरा.

‘--माउंट’च्याच कॅश प्रकाराचं, म्हणजे डाउनलोड केलेलं पुढच्या बिल्डसाठी जपून ठेवणाऱ्या माउंटचं, कौतुक बरंच होतं. माझ्या लॅपटॉपवर जावाच्या मेव्हन या बिल्ड टूलसाठी तो अप्रतिम चालतो: एक डिपेंडन्सी वाढवली तर तेवढीच डाउनलोड होते. एपीटीसाठी (डेबियनचा पॅकेज मॅनेजर) दोन पथ्यं: शेअरिंग ‘लॉक्ड’ (एका वेळी एकच बिल्ड) ठेवा, आणि डेबियनच्या इमेजमधली ‘डॉकर-क्लीन’ ही फाइल आधी काढा, नाहीतर ती डाउनलोड केलेली पॅकेजं पुसून टाकते आणि कॅश रिकामीच राहते. सीआयवर, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेवर, दर वेळी कोरं मशीन मिळत असेल तर या कॅशवर विसंबू नका, ती तिथे सापडणारच नाही.