झोपायचे डबे: इंजिनामागे की शेपटीला?

बसायचे आणि झोपायचे डबे एकाच गाडीत असले, की झोपायचे डबे शक्यतो एका टोकाला जोडतात. मध्ये जोडले तर रात्रभर त्यांच्यातून लोकांची ये-जा चालू राहते. प्रश्न एवढाच, की टोक कुठलं?

इंजिनाकडच्या टोकाला खरा त्रास भोंग्याचा. अमेरिकेत रस्त्याच्या फाटकाआधी दोन लांब, एक आखूड आणि पुन्हा एक लांब असा भोंगा वाजवायचा नियम आहे. फाटकं एकापाठोपाठ एक आली, की डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा जाग येते. मध्ये सामानाचा डबा असला तर आवाज थोडा दबतो, पण थांबत नाही.

शेपटीला शांतता मिळते. कॅनडात टोरांटो ते व्हँकुव्हर धावणाऱ्या ‘कॅनेडियन’मध्ये शयनयान मागे असतात आणि अगदी शेवटी काचेच्या घुमटाचा डबा. तिथून मागे सरकत जाणारे रूळ दिसतात. हे सुख पुढच्या टोकाला कुठलं! हेलकावे मात्र शेवटच्या डब्यात जास्त जाणवतात, कारण त्याला मागून धरून ठेवणारं काही नसतं. फलाट आखूड असेल तर गाडी पुढे घेऊन दुसऱ्यांदा थांबवावी लागते, ते वेगळंच.

अमेरिकेतली ‘एम्पायर बिल्डर’ ही गाडी स्पोकेन स्थानकात दुभंगते, एक भाग सिॲटलला जातो आणि दुसरा पोर्टलंडला, म्हणून तिच्यात दोन्ही सोयी आहेत: सिॲटलचे शयनयान पुढे, पोर्टलंडचा मागे.

मी मागचीच बाजू घेईन. हेलकाव्यांची अंगाला सवय होते, भोंग्याची कानाला होत नाही.