प्रीअँपची 'धप्प' आणि यूपीसी१२३७ चा रिले बोर्ड: महिनाभर वापरल्यावर

घरी प्रीअँप बनवणाऱ्यांनी हे नीट वाचा, कारण मी यात तीन रविवार घालवलेत. माझा प्रीअँप (पॉवर अँपच्या आधी सिग्नल वाढवणारा छोटा अँप) एनई५५३२ या ऑप-अँप आयसीवर आहे, ऑनलाइन मागवलेला किट, ७८१५ आणि ७९१५ या रेग्युलेटरवरून प्लस-मायनस १५ व्होल्ट, गेन ११, म्हणजे सिग्नल अकरा पट. एकदा चालू झाला की आवाज सुरेख, पण स्विच टाकला की धप्प, वूफरचा कोन चक्क पुढे ढकलला जायचा आणि मग हळूच मागे यायचा. स्पीकर बाबांचे आहेत, चाळीस वर्षांचे, त्यातला वूफर जळला तर तसा दुसरा मिळणार नाही. म्हणून पहिलं काम काय केलं तर ते स्पीकर बाजूला ठेवले आणि टेस्टिंगला एक जुना चार इंची स्पीकर लावला.

सगळे सांगतात की डिले रिले लाव, म्हणजे चालू केल्यावर काही सेकंदांनीच आवाज पुढे सोडणारा रिले, आणि विषय संपव. त्यासाठीचा यूपीसी१२३७ (स्पीकर वाचवणारा आयसी) चा बोर्ड चांगलाच आहे, त्याबद्दल पुढे लिहितोच, पण आधी डीसी, म्हणजे आवाज नसतानाही आउटपुटवर दिसणारा व्होल्टेज, कुठून येतोय ते शोधा, नुसता रिले लावून तो झाकू नका.

मी आउटपुटला मल्टीमीटर लावला तर स्विच टाकल्यावर १.९ व्होल्ट, आणि तो उतरतोय कसा तर मुंगीच्या पावलाने, १.८, १.७, दोन मिनिटं झाली तरी अर्धा व्होल्टच्या वर. मला वाटलं आयसी गेला. दोन आयसी बदलून बघितले, तेच. मग लक्षात आलं की आउटपुटच्या १० मायक्रोफॅरड कॅपॅसिटरनंतर ग्राउंडला जाणारा रेझिस्टरच नाहीये, किटच्या पीसीबीवर त्याला जागाच दिलेली नाही. म्हणजे तो कॅपॅसिटर डिस्चार्ज होणार कुठून, तर फक्त माझ्या मीटरमधून, आणि मीटर १० मेगाओहमचा, १० मायक्रोला १० मेगा म्हणजे टाइम कॉन्स्टंट (व्होल्टेज साधारण एक तृतीयांशावर यायला लागणारा वेळ) १०० सेकंद! मी जे उतरताना बघत होतो तो माझ्याच मीटरचा खेळ होता. पीसीबीच्या खालच्या बाजूने १०० के (किलोओहम) चा रेझिस्टर सोल्डर केला आणि तेच रीडिंग तीन-चार सेकंदांत खाली यायला लागलं.

कॅपॅसिटरच्या आधी, थेट आयसीच्या पायावर, कायमचा उणे ९५ मिलिव्होल्ट होता. हा बिघाड नाही. ५५३२ च्या इनपुटला साधारण २०० नॅनोअँपिअर बायस करंट लागतो, तो माझ्या ४७ के रेझिस्टरमधून गेला की नऊ-साडेनऊ मिलिव्होल्ट, गुणिले ११ गेन, झाले शंभरच्या आसपास. टीएल०७२ लावून बघितला, त्याचा बायस करंट नगण्य असतो, तर आकडा २५ वर आला, पण नॉइज वाढला म्हणून परत ५५३२ च ठेवला. आउटपुटला कॅपॅसिटर आहे ना, मग हा डीसी पुढे जात नाही, त्यामागे लागू नका.

बंद करताना वेगळी धप्प यायची, त्याचं कारण पॉवरचा एलईडी निघाला. तो फक्त प्लस रेलवर (प्लस १५ व्होल्टच्या लाइनवर) होता, त्यामुळे स्विच काढल्यावर प्लस रेल आधी रिकामी व्हायची, मायनस मागे रेंगाळायची आणि आउटपुट तेवढा वेळ मायनसकडे ओढलं जायचं. एलईडी प्लस १५ आणि मायनस १५ च्या मध्ये ४.७ के लावून जोडला आणि फरक लगेच कळला. जाता जाता दोन्ही रेग्युलेटरच्या आउटपुटला ग्राउंडकडे उलटे १एन४००७ डायोड पण टाकले, कारण मायनस आधी आली तर ७८१५ अडकून बसू शकतो.

एवढं करूनही थोडी धप्प उरलीच, दोन्ही रेल अगदी एका क्षणी कधीच उठत नाहीत. मग पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेलो आणि हा यूपीसी१२३७ चा बोर्ड घेतला, २२० रुपये. दुकानातल्या काकांनी आधी विचारलं, "स्पीकरला लावणार का प्रीअँपला?" प्रीअँप म्हटल्यावर ते म्हणाले, "मग ह्यावरचे मोठे रिले वापरू नका, ते स्पीकरच्या करंटसाठी आहेत, एवढ्याशा सिग्नलला त्यांचे काँटॅक्ट काही दिवसांनी कुरकुर करतात," आणि ड्रॉवरमधून छोटा दोन पोलचा सिग्नल रिले काढून दिला, कॉइल बोर्डाच्याच व्होल्टेजची आहे ना ते स्वतः मीटर लावून बघितलं. गर्दीच्या वेळी, एवढ्याशा वस्तूसाठी एवढं कोण करतं हो! मला तिथे जायला दीड तास लागतो तरी पुढच्या वेळी तिथेच जाणार.

बोर्डबद्दल सांगायचं तर सोल्डरिंग स्वच्छ, डिले जवळपास तीन सेकंद, आणि स्विच काढल्या काढल्या रिले सुटतो, सप्लायचे कॅपॅसिटर रिकामे व्हायची वाट बघत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. एक मोठी उणीव म्हणजे सोबत एक ओळीचीही माहिती देत नाहीत. बोर्डावर स्वतःचा ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) आहे, त्याला तुमच्या १५-०-१५ (मधली शून्याची तार ग्राउंडला असलेल्या) ट्रान्सफॉर्मरच्याच एका बाजूवरून एसी दिला आणि ग्राउंड प्रीअँपच्या ग्राउंडला जोडला तर एका डायोडमधून ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) सरळ शॉर्ट होतं. वेगळं वाइंडिंग हवंच. मी छोटा १२ व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर लावला.

आणि रिले सिग्नलच्या वाटेत सिरीजला लावू नका. मी तसाच लावला होता आधी, तीन सेकंदांनी जोडला गेला तेव्हा बारीक टक् यायचाच, कारण कॅपॅसिटरवर थोडा चार्ज उरलेला असतो. आता कॅपॅसिटरनंतर ४७० ओहम आणि त्यापुढे रिलेचा नॉर्मली क्लोज्ड (रिलेला वीज नसताना जोडलेला असणारा) काँटॅक्ट ग्राउंडला, म्हणजे म्यूट असताना आउटपुट ग्राउंडला दाबलेलं असतं आणि कॅपॅसिटर त्या ४७० मधून काही मिलिसेकंदांत जागेवर येतो. तीन सेकंदांनी रिले ओढला जाऊन तो काँटॅक्ट उघडतो तेव्हा सोडायला काही उरलेलंच नसतं. वीज गेली तरी काँटॅक्ट आपोआप परत जोडला जातो आणि आउटपुट ग्राउंडला, आमच्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत याचा फार उपयोग झाला.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक माहितीपत्रकासाठी कापला. काल रात्री बाबांचे स्पीकर परत जोडले, वूफरच्या कोनावर बोट टेकवून स्विच टाकला, तीन सेकंद काही नाही, आतून रिलेची टिक आली, आणि कोन जागचा हलला नाही.