व्ही-क्रॉसवर कॅम्पर: आठ महिने आणि एक फाळका

माझी २०१८ ची व्ही-क्रॉस, म्हणजे इसुझूची पिकअप, सेकंडहँड, डबल कॅब (सीटच्या दोन रांगा). तिच्या मागच्या उघड्या हौद्यात उतरवता-चढवता येईल असा राहण्याचा खोका, म्हणजे कॅम्पर, भोसरीत करून घेतला. टपावर दोघांना झोपायची जागा, मागे छोटा ओटा, गॅस, पाण्याची टाकी. खर्च १ लाख ८५ हजार. दिवाळीत भेटेल त्याला सांगत होतो, हौदा पाच फुटी असला म्हणून काही अडत नाही. ते वाक्य मागे घ्यायला हे लिहितोय.

आधी फाळक्याचं, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेचं सांगतो, कारण घरात रोज त्यावरूनच वाजतं. खोक्याचा तळ सात फुटांचा, हौदा जेमतेम पाच. मागचे दोन फूट बाहेर. म्हणजे फाळका काढणं आलं. काढायला दहा मिनिटं लागतात, पण काढलेला फाळका ठेवायचा कुठे हे कोणीच सांगत नाही. कोथरूडच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, दोघांनी धरून तो वर नेला. पार्किंगमध्ये ठेवला असता तर भंगारवाल्याने दुसऱ्या दिवशी नेला असता. माळ्यावर मावत नाही, पलंगाखाली जात नाही. गेले आठ महिने तो गॅलरीत उभा आहे. शिवाय रिव्हर्स कॅमेरा त्याच्यातच, म्हणजे गाडी मागे घेताना बायकोने खाली उतरून ‘येऊ दे, येऊ दे’ करायचं.

असो. खरी भानगड जानेवारीत झाली. दिवेआगरहून परत येताना अंधार पडल्यावर ताम्हिणी चढायला घेतला. चढावर स्टिअरिंग एकदम हलकं लागायला लागलं, जणू पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकलीत. दिव्यांचा झोत रस्त्यावर कमी आणि झाडांच्या शेंड्यांवर जास्त. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत होता. मुळशीच्या बाजूला चहाला थांबलो तेव्हा दिसलं, हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यातल्या हुकाने पत्रा उचलून फाडलाय. ते हुक सामान बांधायचे. खोका मागे कलंडायला बघतोय आणि ते त्याला नाकाला धरून ओढतायत, अशी स्थिती.

मला वाटलं पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बसले. पाटेवाल्याने दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून दिला, गाडी मागून सरळ दिसायला लागली आणि मी खूश. महिनाभर हेच सांगत फिरलो की पाटा घाला, प्रश्न मिटतो. मिटत नाही. गाडीची मान खाली आली, दिवे रस्त्यावर आले, पण चढावर स्टिअरिंग तसंच. पाटा मागचा भाग उचलतो, पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत आणत नाही.

हे कळलं पिरंगुटच्या वजनकाट्यावर. तिथल्या माणसाला विनंती करून आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, मग फक्त मागची. पुढच्या आठवड्यात खोका उतरवल्यावर पुन्हा तेच. चार वेळा काटा, चार पावत्या, माझ्या दृष्टीने आठ महिन्यांतला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च. भरलेला खोका ५०० किलो. मागच्या ॲक्सलवर वाढ झाली ५६० ची, पुढच्यावरून गेले ६०. पहिल्यांदा वाटलं काटाच बिघडलाय. मग डोक्यात शिरलं की हा सी-सॉ आहे. खोक्याचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या मागे गेला की पुढची चाकं उचलली जातात. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, ३०९५ मिमी. ५०० किलोचा मध्य ॲक्सलच्या मागे ३७-३८ सेंमी असला तर हिशेब बरोबर साठाचाच येतो. आणि मी ओटा, गॅस, ६० लिटरची टाकी सगळं मागे, त्या लोंबणाऱ्या दोन फुटांत ठेवलं होतं. पाणी भरलं की ६० किलो, तेही नेमके टोकाला.

अमेरिकेत या कॅम्परचं चलन जास्त. तिथे मोठ्या पिकअपचे हौदे साधारण साडेपाच, साडेसहा आणि आठ फुटांचे, आणि कॅम्पर घेताना पहिला प्रश्न हाच की तुझा हौदा केवढा. कॅम्परवर त्याच्या वजनाची आणि गुरुत्वमध्याची नोंद असते; तो मध्य मागच्या ॲक्सलच्या पुढे पडायला हवा. आखूड हौद्याचा कॅम्पर लांब हौद्यात बरेचदा चालून जातो. उलट केलं की माझ्यासारखं होतं.

भोसरीला जाऊन फॅब्रिकेटरशी भांडलो. सात फूट कोणी सांगितलं होतं? तो शांतपणे म्हणाला, “काका, तुम्हीच म्हणालात ना, शीट वाया घालवू नका म्हणून.” खरंच म्हणालो होतो. प्लायची शीट आठ बाय चार. पाच फूट कापली तर तीन फुटांचा तुकडा उरतो, आणि त्याचे पैसे देताना माझा जीव वर-खाली होत होता. त्याने तिथल्या तिथे सात फूट करून दिला. ते तीन फूट वाचवण्यापायी पुढे पाटे, पत्र्याचं वेल्डिंग आणि कापाकापी मिळून साठेक हजार गेले. तरीही माझं म्हणणं आहे की ॲक्सलपासून माप त्यानेच घ्यायला हवं होतं. त्याने टेप लावली ती मागच्या बंपरपासून.

आता खोका पाच फूट चार इंच आहे. टाकी, बॅटरी आणि गॅस पुढे, केबिनच्या भिंतीला चिकटून. ओटा घडीचा केला. वजन ४०० किलो, आणि पुढच्या चाकांवर रिकाम्या गाडीपेक्षा १० किलो जास्त. मेमध्ये वरंधा उतरून चढून आलो, स्टिअरिंग पहिल्यासारखं. ॲव्हरेज साडेनऊवरून साडेदहावर आलं. पाऊस सुरू झालाय, खोका अजून गळलेला नाही.

एक गोष्ट मात्र घेण्याआधीच बघा. आरसीवर भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं, अशी दोन वजनं असतात. वजाबाकी करा, त्यातून घरच्यांची वजनं काढा. डबल कॅबला उरणारा आकडा मी आधी पाहिला असता तर ओटा केलाच नसता. अजूनही जास्तच भरतंय, म्हणून टाकी रिकामी घेऊन निघतो, मुक्कामाला पोचल्यावर पाणी भरतो. आणि खोका बोल्टने कायमचा ठोकू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांना लागतं. टर्नबकलने (फिरवून आवळायच्या-सोडायच्या कडीने) बांधलेलं सामान उतरवता येतं.

मग लांब हौदाच का नाही घेतला, असं लोक विचारतात. बोलेरो मॅक्स पिकअपच्या सगळ्यात लांब मॉडेलचा हौदा ३०५० मिमी, म्हणजे दहा फूट. कागदावर झकास. पण ती सिंगल कॅब, सासूबाई कुठे बसणार? आणि आमच्या गल्लीत भाजीच्या गाड्या लागल्या की व्ही-क्रॉसच वळत नाही.

राहिला फाळका. पाच फूट चार इंच म्हणजे तो अजूनही बंद होत नाही. चार इंचांनी घात केला. फॅब्रिकेटर म्हणतो दार वर घेऊन खालची चौकट आत ओढतो, आठ हजार द्या. मी चार म्हटलं. एप्रिलमध्ये बायकोने फाळक्यावर जुनं धोतर अंथरून सांडगे घातले. चांगले खडखडीत वाळले. आता ती म्हणते, राहू दे गॅलरीतच.