घरच्या गाडीसाठी दोन टनी ट्रॉली जॅक : दोन वर्षांच्या वापरानंतर

जुळे सोलापुरातील आमच्या घरी मी वॅगन आरची चाके आलटूनपालटून बसवणे, ब्रेक पॅड किती झिजले ते पाहणे आणि पंक्चर झाल्यास स्टेपनी चढवणे एवढीच कामे स्वतः करतो. गाडीसोबत मिळालेला कात्री जॅक रस्त्यावर अडचणीत सापडल्यावर एखादे चाक बदलण्यापुरता ठीक आहे, पण त्याने चारही चाके उचलायची म्हटली की मनगट भरून येते, शिवाय त्याचा तळ अरुंद असल्यामुळे गाडी हलेल ही धास्ती असतेच. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी साडेतीन हजार रुपयांच्या आत मिळालेला २ टन क्षमतेचा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक, म्हणजे तेलाच्या दाबाने गाडी उचलणारा, चाकांवर सरकणारा जॅक घेतला.

दुकानात पहिला प्रश्न ‘किती टनाचा हवा?’ असाच येतो. लहान गाडीसाठी हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. वॅगन आरचे वजन साडेआठशे किलोंच्या आसपास आहे आणि एक चाक उचलताना त्याचा काही भागच जॅकवर येतो, त्यामुळे २ टन पुरेसे होतात. गॅरेजमधले मोठे जॅक २५-३० किलोंचे असतात. माझा ९ किलोंच्या आत असल्यामुळे जिन्याखालून एका हाताने काढता येतो.

खरी चौकशी करावी ती उंचीची. माझा जॅक खाली १४ सेंटिमीटरपर्यंत बसतो आणि वर ३३ सेंटिमीटरपर्यंत जातो. टायरमधली हवा पूर्ण गेली की गाडीची कड बरीच खाली येते, आणि अशा वेळी १८-२० सेंटिमीटर उंचीचा बाटली जॅक (बाटलीसारखा उभा जॅक) खाली सरकतच नाही, माझा सरकतो. वरची मर्यादा मात्र अपुरी आहे. जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायची लोखंडी घोडी, सर्वांत खालच्या खाचेतही २७ सेंटिमीटर उंच आहे, त्यामुळे ती बसवायला जेमतेम जागा उरते. आज पुन्हा घ्यायचा झाला तर थोडे वजन जास्त चालेल, पण ३८ सेंटिमीटरपर्यंत जाणारा घेईन. बोलेरोसारख्या उंच गाडीच्या मालकाने तर माझ्यासारखा जॅक घेऊच नये.

जागेविषयी सविस्तर सांगायला हवे, कारण सोलापुरात निम्म्या अंगणांत शहाबादी फरशी असते. ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही. तो कमानीसारखा वळत उठतो, त्यामुळे गाडी वर जाईल तसतसा जॅक चाकांवर थोडा पुढे सरकणे आवश्यक असते. चाके अडली तर वरची वाटी गाडीच्या कडेवरून घसरू लागते. पहिल्याच महिन्यात जॅकचे बारीक लोखंडी चाक दोन फरशांच्या सांध्यात अडकले, फरशीचा कोपरा तडकला आणि गाडी तिरकी झाली. तेव्हापासून मी १९ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तुकडा अंथरून त्यावरच जॅक ठेवतो. भार पसरतो आणि चाकेही मोकळी फिरतात. काळ्या मातीच्या मोकळ्या जागेत मात्र हा जॅक मी वापरत नाही, कारण वरून घट्ट वाटणारी ही माती भाराखाली कधी दबेल याचा नेम नसतो. गाडी उचलण्यापूर्वी हँडब्रेक ओढून विरुद्ध टोकाच्या चाकांना पुढून-मागून दगड लावतो.

या जॅकचा मोठा दोष गाडी खाली उतरवण्यासाठी दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये आहे. दांडा जरा जास्त फिरला की गाडी एकदम खाली येते. अर्ध्या इंचाच्या टप्प्याने अलगद उतरवायला मला सहा महिने सराव करावा लागला. वर्षभराने जॅक पूर्ण उंची गाठेनासा झाला, तेव्हा आत हवा शिरली होती. भार नसताना व्हॉल्व्ह उघडा ठेवून दहा-पंधरा वेळा पंप केला, हायड्रॉलिक तेलाची पातळी पाहून थोडे तेल भरले आणि तो पूर्ववत झाला. ओळखीच्या एकाने ब्रेक ऑइल भरायला सुचवले होते. ते मी टाळले, कारण त्याने तेल अडवणारी आतील रबरी सील फुगून खराब होतात. काम झाल्यावर जॅक पूर्ण खाली उतरवून झाकून ठेवतो, नाहीतर इथल्या धुळीने सील लवकर झिजतील.

हायड्रॉलिक जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. आतली सील कधी दगा देईल हे बाहेरून दिसत नाही, म्हणून घोडीवर गाडी टेकल्याशिवाय मी हातसुद्धा खाली घालत नाही. जॅक कोठे लावायचा आणि घोडी कोठे, या जागा गाडीच्या माहितीपुस्तकात पाहून घ्याव्यात. दोन्ही एकाच ठिकाणी बसत नाहीत. माझ्याकडून चूक ही झाली की जॅक आधी घेतला आणि घोड्यांची जोडी चार महिन्यांनी. पैसे बेताचे असतील तर जॅक साधा घ्यावा, पण दोन्ही वस्तू एकाच दिवशी घरी आणाव्यात.