डॅन्यूबवर २४ जण: रिव्हर क्रूझ कंपनी निवडण्याचा अकरा महिन्यांचा हिशेब

२४ जणांचा ग्रुप, १२ केबिन, वयं ५५ ते ७६. निम्म्याहून जास्त शाकाहारी, तिघं कांदा-लसूण न खाणारे. मार्ग डॅन्यूब नदीवरून हंगेरीतल्या बुडापेस्टपासून जर्मनीतल्या पासाऊपर्यंत, सात रात्री. पहिल्या चौकशीपासून शेवटचा परतावा खात्यात पडेपर्यंत अकरा महिने लागले, आणि तेवढ्यात बऱ्याच कंपन्यांचे करार, केबिन-नकाशे आणि मेन्यू चाळून झाले. त्यातलं कामाचं तेवढं इथे.

बहुतेक ग्रुप ब्रोशर बघून कंपनी ठरवतात आणि मग तिच्याकडे ज्या तारखेला जी नदी मिळेल ती घेतात. क्रम उलटा हवा. आधी नदी, नदीचा नेमका तुकडा, मग कंपनी.

याचं कारण लॉकच्या मापात आहे. लॉक म्हणजे नदीतली दारं असलेली कुंडी, तिच्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. जर्मनीतल्या माइन नदीवरचे आणि तिला डॅन्यूबशी जोडणाऱ्या माइन-डॅन्यूब कालव्यावरचे लॉक १२ मीटर रुंद. त्यामुळे ॲमस्टरडॅमहून बुडापेस्टपर्यंत जाऊ शकणारी बोट कुठल्याही कंपनीची असली तरी रुंदीला ११.४५ मीटरच्या आसपास आणि लांबीला फार तर १३५ मीटर. लॉकमध्ये शिरल्यावर दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते. ओली, शेवाळलेली भिंत खिडकीला इतकी खेटून वर सरकते की फोटोसाठी हात बाहेर काढायचा मोह होतो. तो काढू नये, हे सत्तरीच्या लोकांनाही दोनदा सांगावं लागतं. थोडक्यात, सांगाडा सगळ्यांचा सारखाच. फरक पडतो तो त्यात माणसं किती कोंबली याचा. वायकिंग कंपनीच्या लाँगशिप नावाच्या बोटींवर ९५ केबिन, १९० प्रवासी. टॉक ही कंपनी तेवढ्याच लांबीच्या बोटीवर १३० च्या आसपास थांबते, आणि भाड्यातला बराचसा फरक तिथेच आहे. वेगळी म्हणावी अशी बोट अमावॉटरवेज कंपनीची अमामॅग्ना, २०१९ ची, २२ मीटर रुंद. ऑस्ट्रियातले डॅन्यूबचे लॉक २४ मीटरचे असल्यानं ती तिथे आरामात चालते, पण कालव्यात शिरू शकत नाही. ॲमस्टरडॅम-बुडापेस्टचं स्वप्न असेल तर ती विसरायची.

आता पाणी. सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात महाग पडणारा मुद्दा हाच. नदीवर लॉक आणि बंधारे असले की पाणी अडून राहतं. नसले की पावसावर सगळी भिस्त. ऱ्हाइनचा मधला भाग असा मोकळा आहे. तिथल्या काउब गावच्या पाणीपातळी मोजायच्या पट्टीवर २०१८ च्या ऑक्टोबरात आकडा २५ सेंटिमीटरवर आला होता. हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. बोटींच्या वाटेत पाणी त्याहून मीटरभर जास्त असतं. पण एवढ्यावर भरलेली मोठी क्रूझ बोट सुखानं जात नाही. डॅन्यूबवरचा दुखरा तुकडा जर्मनीतला, श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन, सुमारे ७० किलोमीटर, एकही लॉक नाही. न्यूरेंबर्ग ते बुडापेस्ट जाणारी प्रत्येक बोट तिथून जाते. पासाऊला सुरू होणाऱ्या किंवा संपणाऱ्या बोटीला मात्र तो तुकडा लागत नाही. बुडापेस्ट ते पासाऊ सुमारे ५८० किलोमीटरमध्ये ११ लॉक आहेत. ऑस्ट्रियातलं वाखाउ खोरं आणि व्हिएन्नाच्या पूर्वेकडचा भाग तिथेही मोकळाच, म्हणजे हमी कुणीच देत नाही. पण धोका बराच कमी होतो. मोझेल आणि माइन तर जवळजवळ पूर्ण बांधून काढलेल्या नद्या, ऑगस्ट-सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत त्या ऱ्हाइनपेक्षा भरवशाच्या. एल्बच्या वाटेला ग्रुपनं जाऊच नये, इतकी ती उथळ.

जास्त पाण्याचं दुखणं वेगळं. बोट पुलाखालून जात नाही. सुकाणूघर हायड्रॉलिकनं खाली बसतं, सनडेकच्या खुर्च्या आणि छत आडवं होतं, तरी पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की वाहतूकच बंद होते. पासाऊला जून २०१३ मध्ये पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढलं होतं. २०२४ मध्ये डॅन्यूब जूनमध्ये चढली आणि सप्टेंबरात पुन्हा. त्यामुळे 'मे-जूनमध्ये पाणी चांगलं असतं' असं एजंट सांगतो तेव्हा चांगलं म्हणजे किती, हे विचारावं.

अशा वेळी कंपनी काय करते, यावर निवड करावी. मोठ्या कंपनीच्या त्याच नदीवर उलट दिशेनं येणाऱ्या बोटी असतात. अडलेल्या जागेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा दोन बोटी थांबवतात, प्रवाशांची बसनं अदलाबदल करतात आणि सामान पाठोपाठ येतं. दोन्ही बोटी जुळ्या असतील तर केबिन नंबरसुद्धा तोच राहतो. अर्धा दिवस जातो, सहल वाचते. त्या नदीवर एकच बोट असलेली कंपनी बोटीचं हॉटेल करते: बोट धक्क्याला बांधलेली, रोज सकाळी बस, दोन-अडीच तास जाणं, तेवढंच येणं. गुडघे दुखणाऱ्यांना हे फार जड जातं. म्हणून प्रश्न नेमका विचारावा: 'आमच्या आठवड्यात उलट दिशेनं तुमच्या किती बोटी आहेत आणि त्यांचा केबिन-नकाशा आमच्यासारखाच आहे का?' उत्तर ईमेलवर मागावं. एका कंपनीनं तीनदा विचारूनही फोनवरच गोड बोलून वेळ मारून नेली. तिचं नाव यादीतून तिथेच कटलं.

करारात जवळजवळ सगळीकडे असं वाक्य असतं की पाण्याच्या पातळीमुळे मार्ग बदलला, बस किंवा हॉटेल दिलं, तर परतावा नाही. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागणारा ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा इथे उपयोगाचा नाही. प्रवास खंडित होण्याचं किंवा मार्ग बदलण्याचं कलम पॉलिसीत वेगळं शोधावं लागतं.

केबिनवरून ग्रुप फुटतात. सगळ्यात खालच्या डेकवर खिडकी छताजवळ, अरुंद, न उघडणारी. पाणी त्याच्या जरा खालीच. भाडं बरंच कमी आणि रात्री झोपण्यापुरतीच खोली वापरणाऱ्याला काहीच वाईट नाही. पण अनेक बोटींवर लिफ्ट तिथपर्यंत जात नाही, आणि सनडेकलाही जात नाही. १२ पैकी चार जोडप्यांना खाली आणि आठांना वर ठेवलं की तिसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर त्याची चर्चा सुरू होते. सगळ्यांना मधला डेक हा महाग पण शांत मार्ग. 'फ्रेंच बाल्कनी' म्हणजे सरकतं दार आणि त्याला लागून कठडा. त्यात खुर्ची मावत नाही, पाऊलही बाहेर पडत नाही. ॲव्हलॉन कंपनीच्या पॅनोरमा केबिनमध्ये पलंगच खिडकीकडे तोंड करून आहे. खोलीत पडून नदी बघणाऱ्यांसाठी ती युक्ती बाल्कनीपेक्षा बरी. शेवटच्या टोकाच्या केबिनला इंजिनाची घरघर, पुढच्या टोकाला पहाटे धक्क्याला लागताना थ्रस्टरचा (बोट आडवी सरकवणाऱ्या पंख्याचा) आवाज. मैत्रिणी-मैत्रिणी एकत्र राहणार असतील तर पलंग वेगळे करायचं नावानिशी कळवावं, ऐन वेळी ते जमेलच असं नाही. तिघांची केबिन सहसा मिळत नाही. एकट्या माणसाला बहुतेकदा दुप्पट भाडं.

आणि धक्क्यावर दोन-तीन बोटी एकमेकींना खेटून बांधतात. बाल्कनीचे जास्तीचे पैसे भरलेत आणि समोर हातभर अंतरावर दुसऱ्या बोटीतला माणूस दाढी करतोय, हे चित्र बुडापेस्टला आणि व्हिएन्नाला नित्याचं. उतरायलाही दुसऱ्या बोटीच्या लॉबीतून, नाहीतर तिच्या सनडेकवरून पायऱ्या चढून-उतरून जायचं.

कंपन्यांचा स्वभाव थोडक्यात. वायकिंग १८ वर्षांखालच्यांना घेत नाही, नातवंडं असतील तर विषय संपला. प्रत्येक थांब्याला एक फेरफटका भाड्यात, जेवणाबरोबर वाइन-बिअर भाड्यात. युनिवर्ल्ड आणि सीनिक यांच्यात दिवसभराचं मद्य आणि टिप धरून सगळं आत. यावर एक बोचरा हिशेब: ग्रुपमधले अर्धे लोक दारू घेत नसतील तर ते शेजारच्या टेबलाच्या शँपेनचे पैसे भरत असतात. मात्र टिप भाड्यातच असणं ग्रुपला सोयीचं, कारण नाहीतर शेवटच्या रात्री रोजचे माणशी १५-२० युरो २४ जणांकडून गोळा करत फिरावं लागतं. क्रॉयझीयुरोप स्वस्त आणि नेटकी, पण वातावरण फ्रेंच आणि जेवणात सगळ्यांना एकच ठरलेला मेन्यू. शाकाहारी ग्रुपची तिथे पंचाईत. आरोझा जर्मन, जेवण बुफे पद्धतीचं, त्यामुळे ताटात काय घ्यायचं ते आपल्या हातात.

जेवणाबद्दल 'व्हेजिटेरियन' एवढंच लिहून पाठवलं तर फसगत ठरलेली. सूप भाज्यांचं दिसतं, पाणी कोंबडीच्या हाडांचं असतं. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडणारं द्रव्य), पुडिंगमध्ये जिलेटिन. यादी अशी पाठवावी: मांस, मासे, अंडं, हाडांचा स्टॉक, जिलेटिन, प्राणिज रेनेट यापैकी काहीही नको, अमुक तिघांना कांदा-लसूणही नको. केबिन नंबरासकट दोन महिने आधी, आणि बोटीवर चढल्या दिवशी त्याची छापील प्रत थेट शेफच्या हातात. रोजचा दुसऱ्या दिवसाचा मेन्यू संध्याकाळीच बघून घ्यायचा. शेफला बारा तास मिळाले तर डाळ, भात, उसळीसारखं काही निघतं, अर्धा तास मिळाला तर उकडलेली भाजी आणि पास्ता. २४ जणांची टेबलं एकत्र मिळत नाहीत, सहा-आठांची टेबलं आणि जो आधी येईल त्याची जागा.

घरून न्यायचं काय, यात युरोपचे नियम आडवे येतात. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दूध यांचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पनीर, श्रीखंड बाद. ताजी फळं-भाज्याही बिनप्रमाणपत्राच्या चालत नाहीत. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, हापूस घरीच. नारळ, केळी, खजूर चालतात. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तेलातले ठेपले, भडंग बिनधास्त. चहाचं मात्र मन घट्ट करावं: मशीनचं पाणी गरम असतं, उकळतं नसतं, त्यात आपली पूड उतरत नाही. स्वतःची किटली केबिनमध्ये लावायला आगीच्या भीतीनं मनाई. टी बॅग न्याव्यात आणि मशीनवरचं गरम दुधाचं बटण शोधावं.

ग्रुपच्या करारात तीन ओळी तपासायच्या. ठरावीक प्रवाशांमागे एक जागा मोफत असते, पण ती फक्त मूळ भाड्यापुरती. बंदर शुल्क आणि विमानभाडं त्यात येत नाही. न विकलेल्या केबिन कुठल्या तारखेपर्यंत विनादंड परत करता येतात. आणि एका जागी दुसरं नाव कधीपर्यंत बदलता येतं, कारण या वयाच्या ग्रुपमध्ये एखाद्याचं गुडघ्याचं ऑपरेशन मधेच निघतंच.

व्हिसाचा गोंधळ हॉटेलच्या रात्रींनी होतो. अर्ज जिथे जास्त दिवस मुक्काम त्या देशाकडे. बुडापेस्ट-पासाऊ मार्गावर नुसत्या बोटीचे दिवस मोजले तर बहुतेकदा ऑस्ट्रियाचं पारडं जड. पण आधी बुडापेस्टला दोन रात्री हॉटेल जोडलं की हंगेरी पुढे जाऊ शकतं. म्हणून हॉटेल आधी पक्कं, अपॉइंटमेंट नंतर. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात. फी ९० युरो. कंपनीकडून नुसती पावती न घेता कुठल्या रात्री बोट कुठल्या बंदरात, असं पत्र मागावं, प्रत्येकाच्या पासपोर्टवरच्या नावाने. बेलग्रेडकडे जाणारी खालच्या डॅन्यूबची सहल असेल तर सर्बिया शेंगेनबाहेर आहे, व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशाचाच हवा.

ब्रोशरवरच्या शहरांची नावंही नकाशावर ताडून बघावीत. 'प्राग' म्हटलं तरी डॅन्यूबवरची बोट प्रागला जात नाही, बसनं नेतात. साल्झबुर्ग ही पासाऊ किंवा लिंझहून दिवसाची बसफेरी. व्हिएन्नाला बोट राइशब्रुक पुलाजवळ लागली तर चालत फोरगार्टनश्ट्रासे स्टेशन, तिथून यू-१ मेट्रोनं चार स्टेशनांवर श्टेफान्सप्लाट्झ, म्हणजे शहराचा मध्य. जास्तीच्या पैशांची संध्याकाळची बस घ्यायची गरज नाही. नुसडॉर्फच्या धक्क्याला लागली तर डी ट्राम. कुठे लागणार हे आदल्या संध्याकाळी विचारलं तरी कळतं.

बोटीवर सहसा डॉक्टर नसतो, गाव जवळ असतं म्हणून. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. फेरफटक्यात हळू चालणाऱ्यांचा वेगळा गट बहुतेक कंपन्या काढतात, पण नाव आदल्या रात्री द्यावं लागतं. वाखाउमधल्या ड्युर्नश्टाइन गावच्या दगडी गल्ल्यांत हे विसरल्याचं लगेच कळतं. शेवटच्या दिवशी साधारण नऊपर्यंत केबिन रिकामी करायची, बॅगा त्याआधी दाराबाहेर. पासाऊहून म्युनिक विमानतळ बसनं दोन तास धरावेत, म्हणून दुपारी दोनच्या आधीचं विमान ग्रुपसाठी घेऊ नये.